नांदेड-लातूरमध्ये खाण्यासाठी मासा कसा निवडावा?

आपल्या भागाला समुद्र नाही. नांदेड-लातूरच्या बाजारात मासा तीन वाटांनी येतो: विष्णुपुरी, मानार, मांजरा यांसारख्या जलाशयांतून, गावातल्या तलाव-शेततळ्यांतून, आणि बर्फात भरून कोकण किंवा आंध्र प्रदेशातून. त्यामुळे मासा घेताना आधी दोन गोष्टी विचाराव्यात. तो कोणत्या पाण्यात वाढला? आणि पाण्याबाहेर काढून किती वेळ झाला? जातीचा विचार त्यानंतर करावा. महागाचा शिळा मासा घेण्यापेक्षा सकाळी जाळ्यातून निघालेला साधा रोहू चवीला आणि तब्येतीला केव्हाही चांगला.

आपल्याकडे मिळणारे मासे

माशाची चव तो पाण्याच्या कोणत्या थरात चरतो यावर बरीच अवलंबून असते.

- कटला: वरच्या थरात राहतो, पाण्यातील सूक्ष्म प्राणी खातो. वाढ जलद. डोके मोठे असून रश्शाला चव देते. एक किलोच्या पुढचा घ्यावा.
- रोहू: मधल्या थरातला. मांस घट्ट व चवदार. तळण्यासाठी आणि रश्शासाठीही योग्य.
- मृगळ आणि सायप्रिनस: तळाशी चरतात. तळ्यात गाळ जास्त असेल तर मांसाला चिखलाचा वास येतो. स्वच्छ तळ्यातला असेल तर चांगला लागतो.
- गवत्या: पाणवनस्पती व चारा खातो. मांस पांढरे, वास कमी.
- मरळ: बारीक काटे जवळजवळ नसतात, म्हणून लहान मुले व वृद्धांसाठी सोयीचा. हवेतून श्वास घेऊ शकत असल्याने बाजारात जिवंत मिळतो. भाव मात्र जास्त.
- तिलापिया (चिलापी): मांसात बारीक काटे कमी, चव सौम्य. पालन करायचे असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते.

कटला, रोहू, मृगळ यांच्या मांसात बेचकीच्या आकाराचे बारीक काटे असतात. मासा लहान असेल तर ते वेचता येत नाहीत. एक-दीड किलोच्या माशात ते मोठे असतात आणि सहज दिसतात. लहान मासा घेतलाच, तर दोन्ही बाजूंना जवळजवळ आडव्या चिरा देऊन कडक तळावा. बारीक काटे मऊ होतात.

हा मासा घेऊ नका: विदेशी मांगूर

आफ्रिकन मांगूर पाळण्यावर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली. हा मासा हावरट असून देशी मासे फस्त करतो. अनेक ठिकाणी तो कोंबड्यांच्या टाकाऊ अवशेषांवर, घाण पाण्यात वाढवला जातो. देशी मांगूर सहसा पाव किलोच्या आसपास भरतो. किलो-दोन किलोचा 'मांगूर' दिसला तर तो विदेशी समजावा.

ताजेपणा असा तपासा

1. कल्ले उचलून पाहा. रंग लाल, ओलसर हवा. शंका आल्यास ओल्या पांढऱ्या कापडाने पुसा. कापडाला रंग लागला तर मासा सोडून द्या.
2. डोळे फुगीर व स्वच्छ हवेत. खोल गेलेले, पांढुरके डोळे म्हणजे शिळा मासा.
3. बोटाने दाबल्यावर खळगा लगेच भरून यावा.
4. पोट फुटलेले नसावे, खवले सहज निघू नयेत.
5. ताज्या माशाला पाण्याचा-शेवाळाचा हलका वास असतो. आंबूस किंवा औषधासारखा वास आला तर घेऊ नये.

आहारात किती?

गोड्या पाण्यातील माशांत 100 ग्रॅममागे साधारण 16 ते 19 ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण खाणाऱ्या घरात आठवड्यातून दोनदा मासा असला तर आहार बराच पूर्ण होतो. काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे कॅल्शियम देतात. ओमेगा-3 मेद हवा असेल तर बांगडा, तारली यांसारखे समुद्री मासे उत्तम, पण बर्फातले नीट पारखून घ्यावेत. सुकट आणि सुके बोंबील स्वस्त पडतात. त्यांत मीठ असल्याने रक्तदाब असणाऱ्यांनी भिजवून, धुऊन बेतानेच खावेत. गर्भवती महिलांनी मोरीसारखे मोठे शिकारी समुद्री मासे टाळावेत, कारण त्यांच्यात पारा साठतो.

पाणी बिघडले तर मासा बिघडतो

हा भाग मत्स्यपालकांनी विशेष लक्षात घ्यावा. सोयाबीन, कापसावर फवारणी झाली की पंप शेततळ्यात किंवा ओढ्यात धुऊ नका. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके अत्यल्प मात्रेतही मासे मारतात. उन्हाळ्यात डोहात विष टाकून मासे पकडले जातात, ते मासे खाऊ नका आणि विकूही नका. सकाळी तरंगताना दिसलेला मेलेला मासा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. शहराचे सांडपाणी जिथे नदीत मिसळते, तिथला मासाही टाळावा.

पाण्यावर निळसर-हिरवे शेवाळ दाटले की माशाला मातकट वास येतो. असे मासे विक्रीपूर्वी काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवल्यास वास कमी होतो. घरी करताना पोटातील काळी आतली त्वचा खरवडून काढावी आणि तुकड्यांना चिंचेचा कोळ व हळद-मीठ लावून ठेवावे.

विक्री करणाऱ्यांसाठी

मासे काढण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा, पोट रिकामे असले की मासा जास्त टिकतो. जाळे पहाटे टाका. एप्रिल-मे महिन्यात एक किलो माशाला एक किलो बर्फ धरा आणि माशांचे व बर्फाचे थर एकावर एक लावा. तळ्याच्या बांधावर ग्राहकासमोर जिवंत मासा तोलून दिला तर ताजेपणा वेगळा पटवून द्यावा लागत नाही आणि भावही चांगला मिळतो.

तळ्यातील पाणी, मत्स्यबीज किंवा रोगाविषयी शंका असल्यास जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालय किंवा उदगीर येथील मत्स्य विज्ञान महाविद्यालयातील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.