छावणी रिकामी झाली म्हणजे लोक वसले का?

‘शासन आणि स्वयंसेवी संस्थांच्या भागीदारीतून स्थलांतरितांचं पुनर्वसन’ हा शब्दप्रयोग तुम्हाला वाचनात कुठे ना कुठे भेटेलच. ऐकायला छान गुळगुळीत आहे. पण ही भागीदारी यशस्वी झाली की नाही, हे मोजायचं कसं? इथे गाडी अडते. म्हणून आज एक जुनं उदाहरण घेऊ: 1972 साली युगांडातून ब्रिटनला आलेले आशियाई.

पार्श्वभूमी थोडक्यात. 4 ऑगस्ट 1972 ला इदी अमीनने जाहीर केलं की ब्रिटिश पासपोर्टवाल्या आशियाईंनी 90 दिवसांत देश सोडायचा. यात बहुतेक गुजराती होते, काही पंजाबी, आणि सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या केलेली गोंयकार कुटुंबंही. बाहेर पडताना एका कुटुंबाला जेमतेम 50 पौंडांच्या आसपास रक्कम नेता येत होती. सुमारे 28,000 लोक ब्रिटनला पोचले. पहिलं विमान 18 सप्टेंबरला स्टॅनस्टेडला उतरलं.

स्वागताचं वातावरण मुळीच नव्हतं. केनियातल्या आशियाईंची वाट ब्रिटनने 1968 मध्येच कायदा करून अडवली होती. आता लंडनच्या स्मिथफील्ड बाजारातल्या हमालांनी विरोधात मोर्चा काढला. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात दिली, तिचा मथितार्थ असा की आमच्या गावात घरं, शाळा, दवाखाने भरलेत, कृपा करून येऊ नका!

सरकारने ऑगस्टमध्येच ‘युगांडा रीसेटलमेंट बोर्ड’ नेमलं. अध्यक्ष सर चार्ल्स कनिंगहॅम, गृहखात्याचे माजी सर्वोच्च सनदी अधिकारी. बोर्डाने 16 छावण्या उघडल्या. बहुतेक जुने लष्करी तळ होते, सफकमधलं स्ट्रॅडिशॉल, वेल्सच्या किनाऱ्यावरचं टोनफानाऊ वगैरे. 20,000 हून जास्त लोक या छावण्यांतून गेले, बाकीचे थेट नातेवाइकांकडे. छावण्या सरकारच्या, पण आतलं रोजचं बरंचसं काम स्वयंसेवकांचं. विषुववृत्ताजवळून आलेल्या माणसांना इंग्लंडच्या हिवाळ्यात कोट, स्वेटर, मुलांचे बूट कोण देणार? ते ‘विमेन्स रॉयल व्हॉलंटरी सर्व्हिस’च्या बायकांनी दिले.

इथे जरा थांबा. ही संस्था ‘स्वयंसेवी’ म्हणायची का? तिची स्थापनाच 1938 मध्ये गृहमंत्र्यांच्या सांगण्यावरून लेडी रेडिंग यांनी केली आणि तिचा खर्च गृहखातं उचलत होतं. दुसरीकडे अनेक लहानमोठ्या संस्थांनी मिळून एक समन्वय समिती केली होती. ती बोर्डाबरोबर कामही करायची आणि बोर्डावर टीकाही. दोघींनाही तुम्ही ‘एनजीओ’ या एकाच कोडखाली टाकलंत, तर विश्लेषणाआधीच अर्धी गोष्ट हरवली. माझ्या मते या विषयावर लिहिणाऱ्यांची सगळ्यात मोठी घाई इथेच होते.

आता मोजणीकडे. बोर्डाने देशाचे दोन भाग पाडले, ‘लाल’ आणि ‘हिरवे’. लाल म्हणजे जिथे आधीच आशियाई वस्ती जास्त, घरांची-शाळांची टंचाई. तिथे जाऊ नका. हिरवे म्हणजे जिथे जागा आहे. बहुसंख्य लोक लाल भागातच गेले. लेस्टरमध्येही हजारो गेले, जाहिरात असूनही. (काहींना म्हणे त्या जाहिरातीमुळेच गावाचं नाव कळलं.) कारण सरळ आहे. लाल भागात मामा-काका होते, देऊळ होतं, ओळखीने लागणारी नोकरी होती. आता सांगा, एखादं कुटुंब हिरव्या गावातलं सरकारी घर नाकारून लेस्टरला दिराच्या दोन खोल्यांत गेलं, तर ते काय झालं? धोरणाच्या हिशेबात अपयश. कुटुंबाच्या हिशेबात तेच बस्तान बसणं.

विज्ञानाची पदवी घेऊन मी इतिहासाकडे आलो, त्यामुळे आकडा दिसला की आधी यंत्र काय मोजतंय ते बघायची सवय आहे. बोर्डाचं यंत्र म्हणजे छावणी. किती आत आले, किती बाहेर गेले, किती उरले. जानेवारी 1974 मध्ये बोर्डाचं काम संपलं आणि त्या मापाने ते वेगाने पार पडलं, यात शंका नाही. इतक्या लोकांना दीड वर्षाच्या आत छप्पर मिळणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि टीकाकार हे फार पटकन विसरतात. पण छावणीच्या फाटकाबाहेर ते यंत्र आंधळं होतं. 1974 मध्येच कम्युनिटी रिलेशन्स कमिशनचा ‘वन इयर ऑन’ हा अहवाल आला. त्याने तीच माणसं वर्षभरानंतर बघितली, म्हणजे काम, घर, पूर्वीच्या हुद्द्याचं काय झालं हे. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचा. एकाच लोकसमूहाबद्दल आहेत, पण ‘वसले’ या शब्दाची व्याख्या वेगळी. कुणी खोटं बोलत नाहीये.

छावण्यांत शेवटी उरले ते कोण, हेही बघा. म्हातारी माणसं, आजारी, मोठी कुटुंबं, आणि ज्यांचा कमावता माणूस सोबत नाही अशा बायका. कारण काही घरांत बायकोकडे ब्रिटिश पासपोर्ट होता आणि नवरा कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता. तिला ब्रिटनने घेतलं, त्याला संयुक्त राष्ट्रांमार्फत युरोपातल्या तात्पुरत्या छावणीत पाठवलं. स्वयंसेवी संस्थांनी हा विषय लावून धरला आणि 1973 मध्ये सरकारने अशा काही नवऱ्यांना येऊ दिलं.

समजा अशी एक बाई आहे. नवरा ऑस्ट्रियात अडकलाय, दोन मुलं आहेत, आणि तिला एखाद्या हिरव्या गावात घर मिळालंय. छावणीच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘बाहेर पडली’ अशी खूण झाली. तुमच्या एक्सेलच्या तक्त्यात ती कुठल्या रकान्यात जाईल?