थांबवता आलं असतं

ऑक्टोबर २००८, पुणे

बालेवाडीच्या क्रीडानगरीत राष्ट्रकुल युवा स्पर्धा सुरू आहेत. मुलींची ८०० मीटर शर्यत दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या जिंकते. वेळ २ मिनिटं ४.२३ सेकंद. लिंपोपो प्रांतातल्या खेड्यातली ही सतरा वर्षांची मुलगी सुवर्णपदक घेऊन घरी परतते. तिच्या शरीराबद्दल जगाला अजून काही विचारायचं नाही.

जुलै २००९ची अखेर, मॉरिशस

आफ्रिकेच्या ज्युनिअर स्पर्धेत तीच मुलगी तेच अंतर १ मिनिट ५६.७२ सेकंदांत धावते. साडेसात सेकंदांची सुधारणा. म्हणजे पुण्यातली सेमेन्या या शर्यतीत असती, तर मॉरिशसच्या सेमेन्यापेक्षा जवळपास पन्नास मीटर मागे राहिली असती.

अशी झेप दिसली की जागतिक अॅथलेटिक्स महासंघ चौकशी करतो. त्यात गैर काही नाही, उत्तेजकांच्या काळात ते त्याचं कामच आहे. पण इथे प्रश्न उत्तेजकांपुरता राहिला नाही. ही मुलगी खरोखर मुलगी आहे का, अशी कुजबुज सुरू झाली आणि महासंघानं दक्षिण आफ्रिकेच्या संघटनेला तपासणी करायला सांगितलं. हे सगळं बंद दाराआड होणार होतं.

ऑगस्टचा पहिला आठवडा, प्रिटोरिया

बर्लिनच्या जागतिक स्पर्धेला निघण्यापूर्वी सेमेन्याला एका दवाखान्यात नेलं जातं. ही नेहमीची उत्तेजक चाचणी आहे, अशी तिची समजूत. प्रत्यक्षात तपासायचं असतं तिचं बाईपण. अठरा वर्षांच्या मुलीला पाठीशी वकील नाही, घरचं माणूस नाही, आणि नेमकं काय होणार आहे हे समजावून सांगणारंही कोणी नाही. माझ्या मते अनर्थाची सुरुवात इथे झाली. तिला बसवून खरं सांगायला फार तर तासभर लागला असता. मग जायचं की नाही, हे तिनं स्वतः ठरवलं असतं.

स्पर्धेच्या तोंडावर

संघाचे डॉक्टर राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष लिओनार्ड च्युएने यांना सल्ला देतात की तिला या स्पर्धेतून माघार घ्यायला लावा. च्युएने ऐकत नाहीत. माघार घेतली तर लोक आणखी बोलतील, असं कारण त्यांनी पुढे दिलं. ते अगदीच खोटं नव्हतं, पण त्यांना पदकही हवं होतं. आणि तिच्या नावावरून चाललेला हा वाद तिच्या कानावर घालावा, असं दोघांपैकी कोणाच्याही मनात आलेलं दिसत नाही.

१६ आणि १७ ऑगस्ट, बर्लिन

रविवारी रात्री उसेन बोल्ट १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावतो आणि साऱ्या जगाचे कॅमेरे ऑलिंपिक स्टेडियमच्या निळ्या ट्रॅककडे वळतात. सेमेन्या प्राथमिक फेरी पार करते. सोमवारी उपांत्य फेरी, १:५८.६६. ती अंतिम फेरीत.

१९ ऑगस्ट, शर्यतीला काही तास

आणि बातमी फुटते. सेमेन्याची लिंगचाचणी चालू असल्याचं वृत्तसंस्थांवर झळकतं. महासंघाचे प्रवक्ते इन्कार करत नाहीत, गप्पही बसत नाहीत. होय, तपासणी सुरू आहे, असं ते पत्रकारांना सांगतात. निकाल हाती नाही, तिला धावायला मनाई करण्याजोगं काही सापडलेलं नाही, तरीही नावानिशी दुजोरा.

अशा बातमीनं काय होतं, हे महासंघाला ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. तीनच वर्षांपूर्वी, डिसेंबर २००६मध्ये, दोहाच्या आशियाई स्पर्धेत तमिळनाडूची शांती सौंदराजन याच ८०० मीटरमध्ये दुसरी आली होती. पुदुकोट्टै जिल्ह्यातल्या गरीब घरची पोर. तिचीही चाचणी झाली, निकाल बाहेर पडला, रौप्यपदक काढून घेतलं गेलं आणि तिची कारकीर्द तिथेच संपली. आपल्या देशातही तिच्या बाजूनं उभे राहणारे फार थोडे निघाले. बर्लिनमध्ये बसलेल्यांसमोर तो धडा उघडा पडलेला होता.

शर्यतीला काही मिनिटं

मोठ्या स्पर्धेत धावपटूंना आधी कॉल रूममध्ये बसवतात. तिथे स्पाइक्सचे खिळे तपासतात, छातीवरचे क्रमांक पाहतात, फोन आत नेऊ देत नाहीत. त्या अरुंद खोलीत एकमेकींच्या श्वासाच्या अंतरावर बसून वाट बघायची. आज अंतिम फेरीच्या आठजणींपैकी एकीबद्दल बाहेर सगळं जग बोलतंय.

रात्री साडेनऊनंतर

पिस्तूल वाजतं. पहिल्या वळणापर्यंत आपापली लेन, मग सगळ्या आतल्या बाजूला येतात. गतविजेती केनियाची जेनेथ जेपकोस्गेई जोर लावते. अर्धं अंतर कापून होतं तेव्हा सेमेन्या पुढे असते. शेवटच्या फेरीत तिची आणि बाकीच्यांची फारकत होते. मान ताठ, खांदे सैल, मागे वळून बघणं नाही. १ मिनिट ५५.४५ सेकंद. जेपकोस्गेई दुसरी, १:५७.९०. तिच्यामागे सेकंदाच्या तीन शतांशांनी ब्रिटनची जेनी मेडोज.

रेषा ओलांडल्यावर सेमेन्या दोन्ही हातांनी खांदे झटकते. एका मुलीनं इतरांनी आपल्या अंगावर टाकलेलं सगळं झटकून टाकावं, तसं मला ते दिसतं.

त्याच रात्री, नंतर

सहावी आलेली इटलीची एलिसा कुस्मा पत्रकारांना सांगते की ही बाई नव्हेच. पाचवी आलेली रशियाची मारिया सविनोव्हा म्हणते, नुसतं तिच्याकडे बघा. याच सविनोव्हाचे जुलै २०१० ते ऑगस्ट २०१३ या काळातले निकाल पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात रद्द झाले आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकमधलं तिचं सुवर्ण सेमेन्याला मिळालं. बघण्यासारखं काय होतं, ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं.

विजेत्यांच्या पत्रकार परिषदेत रौप्य आणि कांस्य मिळवणाऱ्या येतात. सुवर्णविजेती येत नाही. तिच्याऐवजी महासंघाचे सरचिटणीस पिएर वाइस येतात आणि तिच्या शरीराबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देतात. जगज्जेत्या मुलीनं आपल्या शर्यतीबद्दल बोलायची ती वेळ होती. पहिला जोर कुठे लावला, शेवटच्या दोनशे मीटरला मनात काय होतं, घरी आजीला काय सांगणार, यातलं काहीही तिला कोणी विचारलं नाही.

२० ऑगस्ट

ती पदक स्वीकारते. फोटोत ती हसतेय.

१९ सप्टेंबर

महिनाभर कानांवर हात ठेवलेले च्युएने कबूल करतात की प्रिटोरियातल्या तपासणीची आपल्याला कल्पना होती आणि आपण खोटं बोललो. तोवर एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रानं तिच्या अहवालातले म्हणून सांगितलेले तपशील जगभर पोहोचवलेले असतात. ते मी इथे लिहिणार नाही. राष्ट्रीय संघटनेतले प्रशिक्षक विल्फ्रेड डॅनियल्स यांनी मात्र राजीनामा दिला आणि तिला सांभाळायला आपण कमी पडलो म्हणून माफी मागितली.

६ जुलै २०१०

जवळपास अकरा महिने शर्यतीविना गेल्यावर महासंघाचं पत्रक निघतं. सेमेन्या ताबडतोब महिलांच्या शर्यतींत धावू शकते. पुढे एक ओळ आहे. तिचे वैद्यकीय तपशील गोपनीय राहतील आणि महासंघ या विषयावर आणखी काही बोलणार नाही.

हेच वाक्य १९ ऑगस्टच्या संध्याकाळी, शर्यतीच्या आधी म्हणता आलं असतं.