मत्स्यविनोद आणि लांकडी माशाचा रंग



बीड जिल्ह्याला समुद्र नाहीं. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते, पाटोद्याकडील बालाघाटांत मांजरा उगम पावते, माजलगांवापाशीं सिंदफणा अडविली आहे. पाण्याचें आमचें वैभव एवढेंच. तेव्हां खाऱ्या पाण्यांतील मासे फसविण्यासाठीं लांकडाचा मासा कोरून त्यास कोणता रंग द्यावा, हा विषय आमच्याकडील माणसानें कां घ्यावा, अशी शंका आपणांस येईल. उत्तर सोपें आहे. गळानें मासे धरण्याच्या कलेवर एक सबंध प्रकरण लिहिणारा राजा आमच्याच मुलखाचा स्वामी होता.

तो कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याची राजवट ११२७ च्या सुमारास सुरू झाली व ११३८ पर्यंत चालली. शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास त्यानें ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या पांच विंशति, व प्रत्येकींत वीस अध्याय. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, हा त्यांतील उल्लेख मराठीच्या अभ्यासकांस तोंडपाठ असतो. परंतु त्याच ग्रंथांतील ‘मत्स्यविनोदा’कडे ही मंडळी सहसा फिरकत नाहींत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं १९२५ पासून हा ग्रंथ छापून आणला, आणि १९५१ सालीं डॉ. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनीं मत्स्यविनोदावर स्वतंत्र लेख लिहिला. वैयाकरणांनीं जें पाहिलें नाहीं तें प्राणिशास्त्रज्ञानें पाहिलें, याचें मला तरी नवल वाटत नाहीं.

सोमेश्वर समुद्रांतील मासे व नदींतील मासे वेगळे सांगतो; खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, हेंही सांगतो. काठी, दोर, गळ यांचा विचार करतो. कोणत्या माशास कोणतें खाद्य घालावें, हा तर त्याच्या आवडीचा भाग. इतकी बारीक माहिती सिंहासनावर बसून मिळत नाहीं. ती कोणा भोयानें सांगितली असली पाहिजे. राजाचा जो विनोद तें त्याचें पोट होतें. ग्रंथांत मात्र त्याचें नांव नाहीं.

आतां गंमत पहा. याच राजानें याच ग्रंथांत चित्रकलेवरही लिहिलें आहे. शंखापासून पांढरा, हिंगुळाचा व अळत्याचा तांबडा, गेरूचा लालसर, हरताळाचा पिवळा, काजळाचा काळा, असे शुद्ध वर्ण तो देतो. ते बसविण्यास म्हशीच्या कातड्यापासून केलेला वज्रलेप सांगतो. रंग त्याच्या हातीं होते, मासेही होते. तरी त्याचें आमिष खाण्याचेंच राहिलें, रंगविलेलें नव्हे. माझ्या मतें कारण दुहेरी आहे. नदीच्या गढूळ पाण्यांत वास आणि चव डोळ्यांपेक्षां अधिक काम करतात. शिवाय कातड्याचा सरस भिंतीवर टिकतो, पाण्यांत मऊ पडतो. रंगीत मासा पाण्यांत सोडावयाचा तर जलाभेद्य रोगण हवें.

तें विसाव्या शतकांत मुबलक मिळूं लागलें. फिनलंडमध्यें लौरी रापाला या गरीब कोळ्यानें १९३६ सालीं बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटच्या वेष्टणाची चांदी चिकटविली, आणि छायाचित्रांच्या काचा वितळवून, म्हणजे काचेच्या नव्हे, फिल्मच्या त्या उलट्या प्रती विरघळवून, वर लेप दिला. रंगपेटी त्याच्यापाशीं नव्हती. माशाच्या पोटाची चमक मात्र त्यानें अचूक उचलली.

परंतु माशास रंग कळतो काय? १९१३ च्या सुमारास या प्रश्नावर जर्मनींत मोठा वाद माजला. कार्ल फोन हेस हे नामांकित नेत्रतज्ज्ञ मासे रंगांध आहेत असें म्हणत. तरुण कार्ल फोन फ्रिश यांनीं माशांना ठराविक रंगापाशीं खाऊं घालण्याची संवय लावली. मग करड्या छटांच्या गर्दींतूनही मासे नेमके त्या रंगाकडे जाऊं लागले. खाद्य आणि संवय, ही सोमेश्वराचीच युक्ति! फ्रिश यांना पुढें १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें मुख्यतः मधमाश्यांवरील कामासाठीं.

येथें समुद्राची अडचण उभी राहते. पाणी प्रथम तांबडा प्रकाश गिळतें. पांच-सहा वांव खोलीवर, म्हणजे दहा मीटरांच्या आसपास, दुकानांत लालभडक दिसणारा मासा काळपट होतो; निळा त्याहून पुष्कळ खोल पोंचतो. म्हणून लांकडी मासा रंगवितांना दुकानच्या उजेडांत निवड करणारा कारागीर माशासाठीं रंगवीत नसतो, गिऱ्हाइकासाठीं रंगवीत असतो. बाजारांतले निम्मे रंग मला याच जातीचे वाटतात. बांगडा किंवा तारली ताटांत घेण्यापूर्वीं नीट पहावी: पाठ निळसर-हिरवी काळी, पोट रुपेरी. वरून पाहणाऱ्यास पाठ खोल पाण्यांत मिसळते, खालून पाहणाऱ्यास पोट आकाशांत. सुरमई ज्यावर झडप घालते तें हेंच रूप. स्वच्छ पाण्यांत त्याचीच नक्कल करावी. गढूळ पाण्यांत किंवा संधिप्रकाशांत छटांचा नाद सोडून काळ्या-पांढऱ्याचा ठळक भेद ठेवावा.

क्रम सावंतवाडीच्या चिताऱ्यास सांगावा लागणार नाहीं. आधीं पांढरें अस्तर, नाहींतर लांकडाचा रंग वर फुटतो. मग फिकट, मग गडद. खवले हवे असतील तर मच्छरदाणीचें कापड ताणून त्यांतून रंग फवारावा. डोळा मात्र शेवटीं: काळा ठिपका, भोंवतीं पिवळें कडें. तो वाळला कीं रोगणाचे दोन हात द्यावे, आणि मगच गळ अडकवावा.