घर भाड्याने घ्यावे की विकत? निर्णयापूर्वी करायचा हिशेब आणि उपलब्ध शासकीय लाभ

घरांच्या किमती वाढत असताना "आत्ता घेतले नाही तर पुढे कधीच जमणार नाही" असे अनेक कुटुंबांना वाटते. दुसरीकडे, घाईत घेतलेल्या कर्जाचा हप्ता पुढची वीस वर्षे घरखर्चाला कात्री लावू शकतो. हा निर्णय कसा तपासावा, कोणत्या योजनेचा लाभ मिळू शकतो आणि कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

भाडे आणि हप्ता यांची थेट तुलना का करू नये?

हप्त्यातील मुद्दलाचा भाग आपल्याच घरात जमा होतो, म्हणून तो खर्च नाही. मात्र व्याज, देखभाल खर्च, घरपट्टी आणि सुरुवातीला भरलेल्या रकमेवर मिळाले असते ते व्याज हा सर्व खर्चच आहे. भाड्याची तुलना या खर्चाशी करावी.

उदाहरण (आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत):

घराची किंमत ३५ लाख रुपये, स्वतःची रक्कम १० लाख आणि कर्ज २५ लाख रुपये. व्याजदर ८.५ टक्के, मुदत २० वर्षे. मासिक हप्ता सुमारे २१,७०० रुपये येतो. पहिल्या वर्षाचा खर्च असा:

• कर्जावरील व्याज: सुमारे २,१०,००० रुपये
• सोसायटीचा देखभाल खर्च (दरमहा २,५००): ३०,००० रुपये
• घरपट्टी: ६,००० रुपये
• १० लाखांवर ६.५ टक्के दराने बुडालेले व्याज: ६५,००० रुपये
• एकूण: ३,११,००० रुपये

व्याज अनुदानाचे (खाली पाहा) वार्षिक ३६,००० रुपये वजा केल्यास खर्च २,७५,००० रुपये उरतो. तसेच घर दरमहा १२,००० रुपये भाड्याने मिळत असेल, तर वर्षाचे भाडे १,४४,००० रुपये होते. फरक १,३१,००० रुपयांचा. म्हणजे घराची किंमत त्या वर्षी सुमारे ३.७ टक्के वाढली, तरच विकत घेणे आणि भाड्याने राहणे सारखे पडेल.

आपण तेथे किती वर्षे राहणार?

वरील हिशेबात मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क धरलेले नाही. या उदाहरणात ते २,४०,००० रुपये मानू. हा खर्च एकदाच होतो आणि परत मिळत नाही.

• तीन वर्षांत घर विकावे लागले, तर दरवर्षी ८०,००० रुपयांचा भार वाढतो. बरोबरी होण्यासाठी किंमत दरवर्षी सुमारे ६ टक्के वाढायला हवी.
• दहा वर्षे राहिल्यास हा भार वर्षाला २४,००० रुपयांवर येतो आणि सुमारे ४.४ टक्के वाढ पुरते.

हा हिशेब पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर आधारित आहे. पुढे व्याज कमी होत जाते आणि भाडे बहुधा वाढते, म्हणून दीर्घ मुक्कामात विकत घेणे अधिक सोयीचे ठरते. बदलीची नोकरी, कंत्राटी काम किंवा मुलांच्या शिक्षणासाठी शहर बदलण्याची शक्यता असल्यास भाड्याने राहणे हा कमीपणा नसून विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो.

हप्ता झेपेल का?

वरील कुटुंबाचे मासिक उत्पन्न ६०,००० रुपये असेल, तर हप्ता आणि देखभाल मिळून त्यातील सुमारे ४० टक्के रक्कम जाईल. बहुतेक गृहकर्जांचा व्याजदर बदलता असतो. दर ९.५ टक्के झाला आणि मुदत तीच राहिली, तर हप्ता सुमारे २३,३०० रुपये होईल. हा वाढीव हप्ता आपल्या उत्पन्नात बसतो का, हे आधी पाहावे. आजारपण किंवा नोकरी जाणे अशा प्रसंगासाठी किमान सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवावी. सर्व बचत सुरुवातीच्या रकमेत घालू नये.

प्रधानमंत्री आवास योजना – शहरी २.०: व्याज अनुदान

ही योजना १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी लागू आहे. पहिले घर घेणाऱ्यांसाठी व्याज अनुदानाच्या मुख्य अटी:

• वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ९ लाख रुपयांपर्यंत. (३ लाखांपर्यंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, ३ ते ६ लाख अल्प उत्पन्न गट, ६ ते ९ लाख मध्यम उत्पन्न गट.)
• कुटुंबातील कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसावे. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. गावाकडे आपल्या नावे पक्के घर असल्यास शहरात लाभ मिळत नाही.
• मागील २० वर्षांत शासकीय गृहनिर्माण योजनेचा लाभ घेतलेला नसावा.
• घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत असावे.
• कर्जाच्या पहिल्या ८ लाख रुपयांवर, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी ४ टक्के अनुदान. कमाल १.८० लाख रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, अनुदान एकरकमी व आगाऊ मिळत नाही, त्यामुळे सुरुवातीची रक्कम जमवताना ते हिशेबात धरू नका. दुसरी, अनुदानाचा प्रत्येक हप्ता देताना कर्ज चालू असणे आणि ५० टक्क्यांहून अधिक मुद्दल शिल्लक असणे आवश्यक आहे. मोठी रक्कम भरून कर्ज लवकर कमी करण्यापूर्वी बँकेत चौकशी करा.

अर्ज योजनेच्या अधिकृत पोर्टलवर, सामायिक सेवा केंद्रात किंवा आपल्या नगरपालिका अथवा महानगरपालिकेत करता येतो. अर्जदार व कुटुंबीयांचे आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

याच योजनेत परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. नोकरी करणाऱ्या महिला, औद्योगिक कामगार, शहरात स्थलांतरित झालेले लोक, विद्यार्थी आणि बेघर यांच्यासाठी तो आहे.

विकत घेताना

• रेरा कायदा, २०१६ नुसार नोंदणीकृत विक्री करार होण्यापूर्वी विकासक किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही.
• प्रकल्पाचा रेरा नोंदणी क्रमांक राज्याच्या रेरा संकेतस्थळावर तपासा. महाराष्ट्रात ही माहिती महारेराकडे मिळते.
• बांधकाम सुरू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. पूर्णत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो लागत नाही.
• मुद्रांक शुल्क राज्यानुसार बदलते. महाराष्ट्रात महिलेच्या नावे निवासी घर घेतल्यास त्यात १ टक्का सवलत आहे.
• गृहकर्जाचे व्याज व मुद्दल यांवरील प्राप्तिकर सवलत स्वतः राहत असलेल्या घरासाठी जुन्या करप्रणालीतच मिळते. घरभाडे भत्त्यावरील सवलतही जुन्या प्रणालीतच आहे.

भाड्याने घेताना

• करार लेखी करा. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे.
• केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात, २०२१, निवासी घरासाठी कमाल दोन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत सुचवली आहे. मात्र ज्या राज्याने तो स्वीकारला आहे, तेथेच तो लागू होतो.
• भाडेवाढ, अनामत परत करण्याची मुदत, देखभाल खर्च कोणी भरायचा आणि घर सोडण्याची पूर्वसूचना हे चार मुद्दे करारात स्पष्ट लिहून घ्या.

शेवटी स्वतःला विचारा

आपण येथे किमान सात-आठ वर्षे राहणार आहोत का? व्याजदर वाढला तरी हप्ता भरता येईल का? सुरुवातीची रक्कम भरल्यानंतर अडीअडचणीसाठी पैसे उरतात का? तिन्ही उत्तरे "होय" असतील, तर घर घेण्याचा विचार पुढे न्या. एकही उत्तर "नाही" असेल, तर भाडे आणि हप्ता यांतील फरक दरमहा बचत खात्यात वेगळा ठेवत राहा. किंमत वाढली तरी त्या बचतीमुळे आपल्याला पुढे कमी कर्ज घ्यावे लागेल.