लेझीम : मूळची कमान

वेळापुरात मिरवणूक निघाली आणि हलगी कडाडली, की लेझीम हाती घ्यायला पोरांना दोनदा सांगावे लागत नाही. पण ही लेझीम मूळची काय वस्तू, असे विचारले तर बहुतेकजण तिला वाद्य म्हणतील. वाद्य ती मागाहून झाली. शब्द फारसीतून आलेला, आणि त्याचा अर्थ तिरंदाजीच्या सरावाची कमान. कमानीला दोरीऐवजी लोखंडी साखळी घातली, की तीर सुटत नाही, पण ओढणाऱ्या दंडाला भार मिळतो. इराणातल्या तालमींना झूरखाना म्हणतात. तिथे साखळीची लोखंडी कमान डोक्यावर धरून आजही झुलवतात. म्हणजे लेझीम हे खोटे हत्यार खरे, पण दंडाला शिकवते ते खरेच.

आपल्या आखाड्यांत अशी खोटी हत्यारे आणखीही आहेत. फरी-गदगा घ्या ना. गदगा म्हणजे तलवारीच्या जागी धरायची, चामडे मढवलेली काठी. फरी ही ढालीच्या जागची लहान चामडी ढाल. वार लागला तर कळावा, पण हाड मोडू नये, एवढा हिशेब त्या चामड्यात आहे. दांडपट्ट्याची गोष्ट निराळी. पट्ट्याची मूठ कोपराखालचा हात झाकते, मनगट जखडते, आणि वार खांद्यातून काढावा लागतो. इथे हत्याराची घडणच हाताला चाल लावते. बडोद्याला द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ शिक्षकांनी या बाबतीत जरूर चाळावा.

आता हे जुने पुराण कशाला, असे कुणी म्हणेल. तर हाच प्रश्न आज यंत्रावरच्या खेळांपुढे पडला आहे. खेळणारा हलला की पडद्यावरचे चित्र तसेच हलावे, असे हे खेळ. त्याचे मूळ बरेच मागे जाते. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे याने १८८० नंतरच्या दशकात माणसाला काळे कपडे घालून हातापायांवर पांढऱ्या रेघा ओढल्या आणि त्याच्या चालीची अनेक चित्रे एकाच काचेवर घेतली. आज रेघांच्या जागी चमकत्या लहान गोळ्या लावतात, भोवती कॅमेरे ठेवतात, आणि संगणक त्या गोळ्यांच्या जागा टिपून हालचाल मांडतो.

पण हातात काय द्यायचे? जपानच्या निंटेंडो कंपनीने २००६ साली ‘वी’ नावाचे खेळांचे यंत्र काढले, त्यात हातात धरून हलवायची एक दांडी होती. लोक रंगात येऊन ती इतकी जोरात फिरवू लागले की निसटून टेलिव्हिजनवर आदळू लागली. कंपनीने आधी मनगटाची दोरी जाड करून दिली, मग २००७ साली दांडीला मऊ वेष्टण दिले. गदग्याचे चामडेच की ते! २०१० साली मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’ आणले. त्यात हातात काहीच नको, नुसते समोर उभे राहा. २०१७ साली त्याचे उत्पादन थांबले. कारणे अनेक असतील, पण हवेत वार करणाऱ्या रिकाम्या हाताला फार वेळ गोडी राहत नाही, असे मला तरी वाटते.

समजा, वेळापूरच्या एखाद्या शाळेतली लेझीम अशा खेळात न्यायची आहे. दांड्यावर तीन-चार गोळ्या लावाव्या लागतील, त्याही मुद्दाम कमीजास्त अंतरावर. सारख्या लावल्या तर दांड्याचे कोणते टोक कोणते, हे संगणकाला उमगत नाही. साखळीचे त्याहून अवघड. दांडा ताठ, पण साखळी कडीकडीला वाकते. म्हणून तिच्या मुठीवर वेगळ्या गोळ्या हव्यात. राहिल्या चकत्या. त्या उजेडात लकाकतात आणि कॅमेऱ्याला गोळ्यांसारख्याच दिसतात. चमक मारायला त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी, असे कारागिराच्या मनात येईल. पण पट्टी लावली की आवाज बसतो, आणि आवाज बसला की पोरांचा पाय चुकतो. हलगीची थाप आणि चकत्यांचा ठेका जुळतो तेव्हाच सारी रांग एकदम वाकते. प्लॅस्टिकची हलकी लेझीम केली तर दंडाला भार नाही. मग झोका कुठे थांबवायचा तेही कळत नाही. तेव्हा चकत्यांवर मळकट रंगाचा पातळ हात फिरवावा, वजन आहे तेच ठेवावे, आणि खणखणाट तसाच होऊ द्यावा.