दोन धन्यांची चाकरी

आपलें कोडोली ज्या पन्हाळा तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांत वाडी रत्नागिरीवर ज्योतिबाचें देवस्थान आहे. चैत्री पौर्णिमेस तेथें सासनकाठ्या नाचतात, गुलालाची उधळण होते आणि लक्षावधि यात्रेकरू डोंगर चढतात. त्यांत आपले आप्त व शेजारी असतात. घरांत लेंकरूं आजारी पडलें, किंवा पीक हातचें गेलें, म्हणजे त्यांपैकीं कोणी मायेनेंच म्हणतो, “एक नवस बोलून पाहा, त्यांत काय जातें?” तेव्हां ख्रिस्ती मनाची खरी कसोटी लागते.

ही कसोटी नवी नव्हे. सीनाय पर्वताच्या पायथ्याशीं सोन्याचें वासरूं घडविणाऱ्या लोकांनीं परमेश्वराचें नांव टाकलें नव्हतें. त्याच्याच नांवानें त्यांनीं उत्सव पुकारला होता. मूर्तिपूजेचें भय येथेंच आहे. ती देवाला नाकारीत नाहीं, त्याच्या शेजारीं दुसरा धनी आणून बसविते.

महाराष्ट्राच्या शेजारीं गोव्यांत या प्रश्नाची मोठी परीक्षा झाली. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज सत्तेनें तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील देवळें पाडलीं. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. १५६० सालीं इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें, तें १८१२ सालीं कायमचें उठलें. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच जेझुइट व त्यांच्या सोबतचे ख्रिस्ती मारले गेले; त्याच्या सुडांत गांवचे पुढारी ठार झाले. १७३६ सालच्या हुकुमानें तर दारच्या तुळशीवरही बंदी घातली. पावणेदोनशें वर्षांनंतरही असे हुकूम काढावे लागले, यावरूनच दिसतें कीं धाकानें हात थांबतो, मन वळत नाहीं. ख्रिस्तसभेच्या सेवकांचा यांत जो वांटा होता, तो आपण लपवूं नये.

त्याच साष्टींत १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स सेवा करीत होते. त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभीं एक नवख्रिस्ती विचारतो कीं, जुनीं पुराणें वाचूं नका म्हणतां, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें कांहीं कां देत नाहीं? फादरांनीं या प्रश्नाला सुमारें अकरा हजार मराठी ओव्यांनीं उत्तर दिलें. १६१६ सालीं रायतूर येथें तो ग्रंथ छापला गेला, आणि पुढें तो चर्चमध्यें भाविकांस वाचून दाखविला जाऊं लागला. झाडून रिकामें ठेवलेल्या घरांत दुष्ट आत्मा आणखी सात सोबती घेऊन परततो, हा प्रभूचा दृष्टांत त्या थोर पुरुषानें पुरता ओळखिला होता.

आपणही मूर्ति ठेवतां, असें कोणी म्हणेल. इ. स. ७८७ मधील निकेयाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेनें ठरविलें कीं, प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेंतील व्यक्तीस पोहोंचतो. आराधना मात्र एका परमेश्वराचीच. परंतु संताच्या पुतळ्यासमोर आपण केवळ सौदा करूं लागलों, तर आपलाही पाय घसरलाच. पैसा, जमिनीचा तंटा आणि जातीचा अभिमान यांना शेंदूर लागत नाहीं. तरी त्यांच्यापुढें कितीक ख्रिस्ती गुडघे टेकतात.

शेजाऱ्याच्या श्रद्धेची निंदा करूं नये. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें अन्य धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींचा आदर शिकविला आहे. आपलें घर मात्र रिकामें ठेवूं नये. सायंकाळीं रोझरी, मायबोलींत शास्त्रवाचन, रविवारीं मिस्सा आणि आजाऱ्याच्या उशाशीं प्रार्थना, एवढें ज्या घरांत नांदतें, तेथें दुसऱ्या धन्यास जागा उरत नाहीं. प्रभु आपणां सर्वांस अखंड अंतःकरण देवो.