मराठीतील ‘वेताळ’ आणि न्यायासन

रोडपाली येथील एका जुन्या घराच्या माळ्यावर ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या मराठी अंकांचे एक बाड नुकतेच पाहावयास मिळाले. पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या. परंतु मुखवटाधारी नायकाचे नाव स्पष्ट वाचता येत होते : वेताळ. प्रस्तुत टिपण या नावासंबंधी आहे. परक्या चित्रकथेतील न्यायकल्पना मराठीत आली ती या नावाच्या आश्रयाने; आणि येताना तिला काही लाभले, तसे काही गळालेही, असे मला वाटते.

ली फॉक या अमेरिकन लेखकाने ‘फँटम’ १९३६ साली, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी, निर्माण केला. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनसंस्थेने १९६४ च्या मार्चमध्ये ‘इंद्रजाल’ मालेचा आरंभ त्याच्याच कथेने केला. इंग्रजीखेरीज मराठी, हिंदी आदी भाषांतही निघणारी ही माला १९९० पर्यंत चालली. संपादकांस नावांचे भान होते. बंगालची आठवण करून देणारा मूळ कथेतील देश येथे ‘डेंकाली’ झाला. ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. ‘फँटम’चा ‘वेताळ’ होणे मात्र निराळ्या जातीचे रूपांतर होय; कारण हा शब्द आपल्याकडे रिकामा नव्हता.

आपल्या परंपरेत वेताळ दोन आहेत. एक कोकण-गोव्याचा ग्रामरक्षक. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीस वेतोबाला मोठमोठ्या चपला वाहतात. रात्री गावाभोवती फेरी घालून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. चित्रकथेचा नायक या वेताळाशी सहज जुळला. दुसरा वेताळ ‘वेताळपंचविशी’तला. तो शिक्षा करीत नाही, तो विचारतो. कन्येवर खरा अधिकार कोणाचा, अपराध नेमका कोणाचा, असे पेच तो विक्रमापुढे टाकतो. आणि उत्तर ठाऊक असून मौन धरल्यास मस्तक फुटेल, असे बजावतो. निर्णय देणे राजाकडे, आणि तोही कारणासहित.

हा दुसरा वेताळ नव्या चित्रकथेत आलाच नाही. नायकाच्या एका हातातील अंगठी अपराध्याच्या जबड्यावर कवटीची न पुसणारी खूण उमटविते. दुसऱ्या हातातील अंगठीची खूण ज्यास मिळाली त्यास संरक्षण मिळते. पहिलीस आपल्या जुन्या भाषेत ‘डाग’ म्हटले असते, दुसरीस ‘कौल’. दोन्ही एकाच माणसाच्या हाती; मध्ये साक्ष नाही, जाबजबाब नाही. माझ्या पाहण्यातील अंकांत आरोपी गस्तीदलाच्या हवाली होतो आणि गोष्ट संपते. न्यायाधीशाचे तोंड कोठे दिसत नाही. गुन्हे व क्रौर्य यांच्या, बालमन बिघडविणाऱ्या चित्रणाविरुद्ध आपल्याकडे १९५६ साली कायदा झाला. पण न्यायाधीशाच्या अनुपस्थितीस कोणता कायदा बंदी करणार?

मराठी स्मृतीतील न्यायवीराची घडण नेमकी उलट आहे. नारायणरावाच्या १७७३ मधील खुनाबद्दल रघुनाथरावास दोषी ठरविणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांवर ‘प्रभात’ने १९४४ साली चित्रपट काढला. तेथे मुखवटा नाही. नाव आहे, आसन आहे आणि तोंडावर उच्चारलेला निवाडा आहे. याच मालेत १९७६ साली आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ आणला. डाकूचा हा मुलगा, बापास मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्याच छायेत वाढून, नागरिकांचे सुरक्षादल उभारतो. येथे राज्यसंस्था जवळ आली खरी, तथापि पोलिसांपर्यंतच.

रोडपालीच्या त्या बाडाकडे मी पुन्हा वळतो. १९७० नंतर नवी मुंबईसाठी या परिसरातील जमिनी संपादित होऊ लागल्या, आणि मोबदल्याचे दावे वर्षानुवर्षे चालले. घरधनी सांगत होते की, त्यांचे वडील अशाच दाव्यासाठी खेपा घालीत आणि परतताना एस.टी. स्थानकावरून मुलांसाठी एखादा अंक आणीत. वडील कोठे गेले आहेत, असे कोणी विचारले, तर मुले ‘कोर्टात’ म्हणत नसत, ‘तारखेला’ म्हणत.